पाळणा फक्त मुलांचा नसतो

जूनचा तिसरा आठवडा होता. बकरी ईद होऊन आठेक दिवस झाले होते. शेजारच्या खालाजान रिकामा डबा परत करायला आल्या आणि दिवाणावर उघडी बॅग पाहून दारातच थांबल्या.

"कहाँ की तैयारी है?"

मी सांगितलं, खोपोलीला जातोय. तिथे इमॅजिका नावाचा मोठा थीम पार्क आहे, तो बघायला.

"कौन-कौन जा रे?"

"हम दोनोंच."

खालाजान जरा गप्प झाल्या. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "बच्चे नै, कच्चे नै, वहाँ जाके क्या करते तुम दोनों?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत. अल्लाहनं आम्हाला मूल दिलेलं नाही. धामणगाव रेल्वेसारख्या गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि सगळ्यांना तिची काळजीही असते. "पाळणा कधी हलणार?" हा प्रश्न मी लग्नानंतरची पहिली आठ-दहा वर्षं ऐकला. नंतर लोकांनी तो विचारणं सोडलं आणि माझ्यासाठी दुआ करायला सुरुवात केली. दोन्हींची सवय झाली होती. पण खालाजानचा हा प्रश्न नवा होता. मूल नाही, हे दुःख समजण्यासारखं आहे. पण मूल नाही म्हणून मोठ्या माणसांनी पाळण्यात बसायचंच नाही का? त्या रात्री गाडीत झोप लागेपर्यंत मी हाच विचार करत होते. बहिणींनो आणि भावांनो, हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिते आहे.

सहा जोडी चपला

त्याआधी मी असे पार्क पाहिले नव्हते असं नाही. देवराच्या आणि नणंदेच्या मुलांना घेऊन आम्ही नागपूरकडच्या पार्कमध्ये दोन-तीनदा गेलो होतो. मुलं मला बडी अम्मी म्हणतात. बडी अम्मीचं काम ठरलेलं. सावलीतला बाक धरायचा, सगळ्यांच्या पिशव्या, मोबाइल, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. एकदा माझ्या पायाशी सहा जोडी चपला होत्या आणि मांडीवर चार जणांचे टॉवेल. माझे शौहर आइस्क्रीमच्या रांगेत. आम्ही दोघांनी दिवसभरात एकाही राइडमध्ये पाय ठेवला नाही. गंमत म्हणजे आम्हाला तो म्हणालाही नाही कुणी आणि आम्हालाही ते सुचलं नाही.

शाळेच्या सहलीत तर विचारूच नका. शेगावच्या आनंद सागरला वर्ग घेऊन गेले तेव्हा तिथल्या छोट्या रेल्वेत सगळी मुलं बसली आणि मी खाली उभी राहून डोकी मोजत राहिले. अठ्ठेचाळीस गेली, अठ्ठेचाळीस आली, अल्हमदुलिल्लाह. शिक्षकाची सहल म्हणजे एवढीच.

घरात मूल नसलेल्या माणसाकडे बाकीच्यांची मुलं सांभाळायला वेळ असतो, असं सगळे गृहीत धरतात. आणि खरं सांगायचं तर त्यात आनंदही असतो. भाच्या-पुतण्यांचे चेहरे बघून मन भरतं. पण दुसऱ्याचा आनंद बघणं वेगळं आणि स्वतः आनंद घेणं वेगळं. पहिल्याची सवय इतकी होते की दुसऱ्याची आठवणही राहत नाही.

बाकावर बसलेल्या बापाची गोष्ट

आता एक गोष्ट सांगते, जी वाचून मला फार बरं वाटलं होतं.

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचा चित्रपट निर्माता होता. मिकी माउसमुळे आपण त्याला ओळखतो. त्याला दोन मुली. सुटीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कला न्यायचा. मुली घोड्यांच्या गोल पाळण्यात फिरायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. तिथं बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की मोठ्यांनी नुसतं बसून का राहायचं? मोठे आणि मुलं, दोघांनाही मजा येईल अशी एखादी जागा का नसावी? ही आठवण त्यानं स्वतःच नंतर सांगितली आहे. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं. आज जगात ज्याला थीम पार्क म्हणतात त्याची वाट या उद्यानानं घालून दिली.

म्हणजे बघा, थीम पार्कची कल्पना ज्याच्या डोक्यात आली तो कंटाळलेला मोठा माणूस होता, पिशव्या सांभाळत बाकावर बसलेला. पार्क त्याच्यासाठीही बांधला गेला. आपण मात्र त्या पार्कात जाऊन पुन्हा बाकच शोधतो.

आणखी मागे गेलं तर मोठ्यांचा हक्क अधिकच स्पष्ट दिसतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधलं टिव्होली हे उद्यान १८४३ मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. तिथे पाळणे होते तसेच पहिल्यापासून संगीत, नाटक आणि रोषणाईही होती. मोठी माणसं संध्याकाळ घालवायला तिथे जात. आपण ज्याला आकाशपाळणा म्हणतो, तो लोखंडी अवाढव्य रूपात पहिल्यांदा उभा राहिला १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं तो बांधला. उंची २६४ फूट, ३६ डबे आणि एका डब्यात ६० माणसं बसायची. साठ माणसांचा डबा काही बाळांसाठी बांधला नव्हता. कोट-टोपी घातलेले लोक आणि लांब झगे घातलेल्या बाया तिकीट काढून त्यात बसत.

बहिरमच्या यात्रेतली माझी दादी

पण कोपनहेगन, शिकागोला कशाला जायचं? आपल्या वऱ्हाडातच बघा.

माझं माहेर परतवाड्याचं. तिथून जवळच चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरात सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. तिथल्या हंडीतल्या मटणाची आणि रोडग्यांची कीर्ती सगळ्या वऱ्हाडात आहे. आमच्या लहानपणी अब्बा आम्हाला घेऊन जायचे. आम्हाला म्हणजे फक्त मुलांना नव्हे, घरातल्या सगळ्यांना. दादी, अम्मी, दोन्ही फूफ्या, सगळ्या. लाकडी पाळणा असायचा, दोन माणसं हातानं फिरवायची. माझी दादी बुरखा नीट गोळा करून त्यात बसायची आणि वर गेल्यावर "या अल्लाह, या अल्लाह" करत हसायची. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असेल. तिला कुणी विचारलं नाही, की तुम्ही कशाला बसता?

नागपूरला ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या उर्साला जी जत्रा भरते, तिथेही हेच. मौत का कुआँ बघायला सगळ्यात पुढे उभे कोण? मिशीवाले बाप्पे. यात्रा, उर्स, मीना बाजार, यांत लहान-मोठं असा भेद नव्हता. यात्रा गावाची असायची.

मग भेद आला कुठून? मला वाटतं, करमणूक तिकिटाच्या दारामागे गेली तेव्हा आला. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. आमच्या पिढीनं ते दूरदर्शनच्या जाहिरातीतच जास्त पाहिलं. त्या जाहिरातींमध्ये मुलं नाचत असायची. तिकीट महाग, जाणं-येणं महाग. एवढा खर्च करायचा तर कारण हवं आणि मध्यमवर्गीय घरात खर्चाचं एकच कारण चालतं, 'मुलांसाठी'. आई-बाप स्वतःसाठी खर्च करत नाहीत, मुलांच्या नावावर करतात. मग ज्यांना मुलंच नाहीत, त्यांच्याकडे खर्चाला नावच उरत नाही.

कुटुंब कुणाला म्हणायचं?

'फॅमिली पार्क', 'ओन्ली फॅमिली' अशा पाट्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. कित्येक वॉटर पार्कमध्ये एकट्या पुरुषांना किंवा नुसत्या पुरुषांच्या घोळक्याला आत सोडत नाहीत. बाई म्हणून मला त्यामागचं कारण कळतं. पाण्यात खेळणाऱ्या मुली-बायांना टोळक्यांचा त्रास होऊ नये, हे योग्यच आहे. पण त्या नियमात आमचे एक अविवाहित सहकारी शिक्षक एकदा अडकले. एका पार्कच्या दारातून त्यांना परत यावं लागलं. पन्नाशीचे, साधे, पुस्तकं वाचणारे गृहस्थ. ते हसून सांगत होते, पण ते हसणं वरवरचं होतं.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातंच. जुन्या मराठीत नवरा बायकोचा उल्लेख कसा करायचा? 'आमचं कुटुंब'. कुटुंब म्हणजे बायको. उर्दूत पत्नीला काय म्हणतात? अहलिया. हा शब्द 'अहल'वरून आला आणि अहल म्हणजे घरची माणसं, कुटुंब. आणि आजही आमच्या मार्केट यार्डात कुणी म्हणतो, "फॅमिली को लेके दवाखाने गया था," तेव्हा त्याचा अर्थ बायकोच असतो. मराठी, उर्दू आणि बाजारातलं इंग्रजी, तिन्ही भाषा एकच सांगतात. दोघं असली की कुटुंब झालं. मूल आलं तर कुटुंब वाढतं, पण ते नसल्यानं कुटुंब अपुरं राहत नाही.

हे मी वर्गात अनेकदा शिकवलं होतं. स्वतःला लागू केलं नव्हतं.

खोपोलीतला दिवस

आमचे हे जिनिंगमध्ये हिशेब बघतात. जूनमध्ये कापसाचा हंगाम संपलेला असतो, त्यांना रजा मिळते. आणि आम्हा विदर्भातल्या शिक्षकांना एक सवलत आहे, जिचा आम्ही कधी फायदा घेत नाही. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तिकडे पंधरा जूनच्या सुमारास घंटा वाजते, आपल्याकडे महिना संपत येतो तेव्हा. म्हणजे मधले काही दिवस असे, की मुंबई-पुण्याची मुलं वर्गात आणि आम्ही मोकळे. आम्ही नेमका तेव्हाचा मंगळवार धरला.

धामणगावहून संध्याकाळची मुंबईची गाडी. पहाटे कल्याण. तिथून लोकलनं कर्जत, पुढे खोपोली. बोरघाटाच्या पायथ्याचं हे गाव पावसाळ्यात पाहण्यासारखं असतं. डोंगरावर ढग उतरले होते, कड्यांवरून पाणी वाहत होतं. बेचाळीस अंशांच्या धामणगावातून आलेल्या आम्हा दोघांची सहल खरं तर तिथेच वसूल झाली. खोपोली-पाली रस्त्यावर हा पार्क आहे. मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीनं २०१३ मध्ये तो सुरू केला.

आत गर्दी नव्हती. मे महिन्यात जिथे तास-दीड तास उभं राहावं लागतं तिथे आम्ही दहा-पंधरा मिनिटांत पुढे जात होतो. आधी आम्ही बाक शोधला. खरंच शोधला! बसलो, डबा काढावा का म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि एकमेकांकडे बघून हसू आलं. सांभाळायला काहीच नव्हतं. ना चपला, ना टॉवेल. बॅग लॉकरमध्ये ठेवली होती.

पहिला धीर यांनीच केला. नायट्रो नावाची मोठी रोलर कोस्टर आहे. तिच्यात बसल्यावर पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी लोंबतात आणि वाटेत गाडी पाच वेळा उलटी होते. हे शेहेचाळीस वर्षांचे, स्वभावानं शांत. घरात सुद्धा हळू बोलतात. पहिल्या उतारावर त्यांनी जी आरोळी ठोकली, ती मी सतरा वर्षांत ऐकली नव्हती. उतरल्यावर पाय थरथरत होते आणि चेहरा दहावीच्या पोरासारखा झाला होता. "एक बार और?" मी म्हटलं, आधी पाणी प्या.

दुसरी एक राइड होती राजासॉरसची. होडीत बसून डायनासोरच्या गुहेतून जायचं. मला वाटत होतं हे सगळं काल्पनिक असेल, पण राजासॉरस हा खरा भारतीय डायनासोर आहे. गुजरातमध्ये तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात, राहिओलीला त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. नर्मदेच्या नावाचा डायनासोर! हे मी यांना रांगेत सांगत होते, तर पुढची दोन कॉलेजची मुलं मागे वळून ऐकू लागली. बाईपणा असा सुटत नाही.

आणि मग अलिबाबा. गाडीत बसून बंदुकीनं निशाणे टिपायचे, गुण मोजायचे. चाळीस चोरांची ही गोष्ट आपण अलिफ लैलाचीच समजतो. पण ती अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. हलब म्हणजे अलेप्पो शहरातल्या हन्ना दियाब नावाच्या माणसानं ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये अँतवान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला तोंडी सांगितली. तिथून ती पुस्तकात गेली आणि साऱ्या जगात पसरली. यांना इतिहासात रस नव्हता. त्यांचं लक्ष गुणांवर होतं. मी जिंकले. "अगली बार देखता," ते म्हणाले.

तेव्हा मला एक हदीस आठवली, जी मी मुलींना कितीदा तरी सांगितली आहे. एका प्रवासात रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी हजरत आयेशा रजि. यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या जिंकल्या. काही काळानं पुन्हा शर्यत झाली, तोवर त्यांचं वजन वाढलं होतं, त्या वेळी आप जिंकले आणि हसून म्हणाले, की ही त्या शर्यतीची परतफेड. ईदच्या दिवशी हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ दोघांनी मिळून पाहिल्याचीही हदीस आहे. मी हे पती-पत्नीतल्या प्रेमाचं उदाहरण म्हणून शिकवते. त्या दिवशी मात्र दुसरीच गोष्ट ध्यानात आली. हजरत आयेशांना मूल नव्हतं. उम्मे अब्दुल्लाह ही त्यांची कुनियत बहिणीच्या मुलावरून, अब्दुल्लाह इब्न जुबैर यांच्यावरून होती. त्याही एक खालाच होत्या. आणि त्यांचं घर आनंदाला पारखं नव्हतं.

एक अवघड क्षण

सगळा दिवस हसण्यातच गेला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल.

दुपारी एका राइडच्या रांगेत नाशिककडची एक बाई भेटली. कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. गप्पा सुरू झाल्या आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, "मुलं कुठे तुमची?" मी सांगितलं, मुलं नाहीत, आम्ही दोघंच आलोय. ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "ताई, आम्ही आल्यापासून आळीपाळीनंच बसतोय, एकदा दोघं एकत्र बसायचंय. जरा हिला धरता?"

मी धरलं. ती दोघं गेली. बाळानं माझ्या स्कार्फची पिन ओढायला सुरुवात केली. समोर घोड्यांचा गोल पाळणा फिरत होता आणि एक बाप आपल्या मुलीला घोड्यावर बसवून स्वतः बाजूला उभा होता, तिच्या कमरेला हात लावून. यांनी ते पाहिलं आणि मीही. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

मग हे हळूच म्हणाले, "अपन इतने साल नै आए, क्यूँकि सोचा के बच्चा होगा तो आएँगे."

खरं होतं ते. चिखलदरा आमच्याच जिल्ह्यात, तिथे राहायला जायचं, ते मूल झाल्यावर. घराच्या गच्चीवर झोपाळा लावायचा, तो मूल झाल्यावर. समुद्र बघायचा, मूल झाल्यावर. सतरा वर्षांच्या कितीतरी छोट्या सुखांवर आम्ही 'नंतर' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. सूरह शूरामध्ये आलं आहे, की अल्लाह कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही आणि कुणाला निःसंतान ठेवतो. ते वाचून आम्ही सब्र केला. पण सब्र म्हणजे सुखच थांबवून ठेवणं असा अर्थ आम्ही कधी करून घेतला, ते आमचं आम्हालाच कळलं नाही.

ती बाई परत आली, लाल चेहऱ्यानं, केस विस्कटलेले, खूप हसत. बाळाला घेतलं आणि म्हणाली, "आता तुमचा नंबर." आणि आम्ही गेलो.

दुःख गेलं का? नाही. ते आमच्याबरोबर रांगेत उभं होतं आणि पाळण्यातही बसलं. पण आनंदानं त्याच्या शेजारी बसायला हरकत घेतली नाही. एवढं मला त्या दिवशी समजलं.

जायचं ठरवलंत तर

हा लेख फक्त आमच्यासारख्यांसाठी नाही. मुलं शिकायला पुण्याला किंवा नोकरीला दुबईला गेल्यावर घरात उरलेले आई-बाप, लग्न न झालेल्या बहिणी, विधवा फूफी, नोकरी करणाऱ्या दोन मैत्रिणी, या सगळ्यांसाठी आहे. अनुभवातून चार गोष्टी सांगते.

दिवस नीट निवडा. शनिवार-रविवार, मे महिना आणि दिवाळीची सुटी टाळा. ज्यांना मुलांच्या शाळेची अडचण नाही, त्यांनी मुलांच्या सुटीत जायचं कशाला? कामाच्या दिवशी गर्दी कमी असते आणि बऱ्याच ठिकाणी तिकीटही स्वस्त पडतं. पावसाळ्यात मात्र जोराचा पाऊस किंवा विजा असतील तर उंच राइड थांबवतात, ही तयारी ठेवा.

आपलं वय आणि तब्येत लपवू नका. रक्तदाब, हृदयविकार, मान किंवा पाठीचं दुखणं असेल, गरोदरपण असेल, तर मोठ्या राइड टाळायच्याच. प्रत्येक राइडच्या दारात सूचना लिहिलेली असते, ती वाचा. पण सगळं टाळायची गरज नाही. होडी, अंधारातली गाडी, चित्रपटाचा शो, मिरवणूक, यांत धक्के फारसे नसतात. आणि जी राइड नको वाटते ती सोडायला लाजू नका. सोबत मूल नसल्याचा एक फायदा हाच, की कुणाच्या हट्टासाठी कुठे बसावं लागत नाही.

कपड्यांचा विचार आधी करा. वॉटर पार्कमध्ये सुती सलवार, साडी, ओढणी चालत नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि घसरताना अडकतं. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, डोकं झाकणारा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख आता मिळतो. मात्र तो तिथे चालतो का, हे फोन करून आधी विचारून घ्या. पाळण्यात बसताना ओढणी किंवा बुरख्याचं टोक कधीही सुटं ठेवू नका. ते चाकात अडकणं जिवावर बेतू शकतं. स्कार्फ घट्ट बांधा, पिना काढून ठेवा.

नमाज आणि जेवण सहज जमतं. आम्ही मुसाफिर होतो, कसर पढली. बॅगेत घडीची जानमाज होती, एक कोरडा कोपरा मिळाला. जेवणात हलालची खात्री नसेल तर शाकाहारी घ्या, वाद नको. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, म्हणून पोटभर न्याहारी करून जा.

खर्चाचंही सांगते. स्वस्त नाही. पण दोघांचा खर्च म्हणजे चार-पाच जणांच्या घराच्या साधारण निम्मा. आम्ही वर्षभर दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकले. एवढे पैसे जमणार नसतील तर गावच्या यात्रेतला पाळणा आहेच. माझी दादी त्यातच बसली होती आणि तिला काही कमी पडलं नव्हतं.

शेवटची गोष्ट सोबत मुलं असणाऱ्यांसाठी. घरातल्या खाला, फूफी, बडी अम्मी यांना सहलीला नक्की न्या. पण दिवसात एकदा तरी त्यांच्या हातातल्या पिशव्या तुम्ही घ्या आणि म्हणा, "आता तुम्ही बसा." त्या पहिल्यांदा नको म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

परत आलो तेव्हा खालाजान पुन्हा डबा घेऊन आल्या. मोबाइलवरचे फोटो बघितले. नायट्रोवर तोंड उघडून ओरडणाऱ्या यांच्या फोटोवर बोट ठेवून पोट धरून हसल्या. मग जरा थांबून, आवाज खाली करून म्हणाल्या, "वो नाववाली में मेरी उम्र के लोगां बैठते क्या?"

मी म्हटलं, बसतात ना खालाजान, इन्शाअल्लाह पुढच्या जूनमध्ये.

ही बातमी नववीतल्या पुतण्याला लागली आणि तो रुसला. बडी अम्मी आपल्याला सोडून कशी गेली म्हणून. त्याला सांगितलं आहे, दिवाळीत तुलाही नेऊ. पण चपला तू सांभाळायच्या.